मनातले प्रश्न : भीती, धाक आणि जबाबदारी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मी एकत्र घेतली आहेत. ती लिहिणाऱ्यांची कामे एकमेकांपासून फार दूरची आहेत, पण तिघांच्याही हाताखाली माणसे आहेत आणि तिघांचाही प्रश्न भीतीचा आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यात जे विचारले आहे त्याइतकेच, जे नुसते सांगून सोडून दिले आहे तेही महत्त्वाचे आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात १६ वर्षे स्टाफ नर्स म्हणून काम केले आणि सात महिन्यांपूर्वी मला वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून बढती मिळाली. रुग्णाजवळ मला भीती वाटत नाही. मध्यरात्री एखाद्याची प्रकृती अचानक बिघडली तरी माझे हात थरथरत नाहीत. मात्र दर महिन्याच्या बैठकीत विभागप्रमुखांसमोर वॉर्डची माहिती सांगण्याची वेळ आली की तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते आणि ठरवलेले सगळे विसरायला होते. गेल्या तीन बैठकांना मी काही ना काही कारण सांगून सहकारी सिस्टरला पाठवले. एक वरिष्ठ डॉक्टर राउंडच्या वेळी सर्वांदेखत माझ्यावर ओरडले होते, तेव्हापासून त्यांची चाहूल लागली तरी पोटात गोळा येतो. त्यातच गेल्या महिन्यात एका नव्या मुलीकडून औषधाचा डोस चुकला. सुदैवाने रुग्णाला अपाय झाला नाही, पण तिने ते मला दुसऱ्या दिवशी, मला दुसरीकडून कळल्यावर सांगितले. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही आधीच टेन्शनमध्ये असता, म्हणून धीर झाला नाही." माझा स्वभावच भित्रा आहे. मी हे पद सोडून पुन्हा स्टाफ नर्स व्हावे का?
— एक परिचारिका, परळ

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. पद सोडू नये. निदान या कारणासाठी तरी सोडू नये.

"माझा स्वभावच भित्रा आहे" या तुमच्या वाक्याला तुमचेच पत्र साक्ष देत नाही. मध्यरात्री रुग्ण अत्यवस्थ होतो तेव्हा ज्या बाईचे हात स्थिर राहतात, तिला भित्री म्हणता येणार नाही. आता थोडे मागे जाऊन प्रशिक्षणाचे दिवस आठवा. पहिल्यांदा शीर शोधून सुई लावताना तुमचे हात असेच स्थिर होते का? नसणार. आधी तुम्ही नुसते पाहिले असेल, मग वरिष्ठ सिस्टर शेजारी उभ्या असताना लावली असेल, एक-दोनदा शीर हुकली असेल, रुग्णाचे नातेवाईक रागावले असतील, आणि तरीही दुसऱ्या दिवशी तुमच्या हातात पुन्हा ट्रे दिला गेला असेल. ती भीती कोणाच्या भाषणाने गेली नाही. ती रोजच्या कामात, थोडीथोडी करून गेली. बैठकीत बोलण्याचा असा सराव मात्र तुम्हाला कोणी दिलाच नाही, आणि बढतीच्या कागदाबरोबर तो आपोआप येतो असे सर्वांनी गृहीत धरले. आपल्याकडे चांगले काम करणाऱ्याला अधिकारी केले जाते, पण अधिकारी म्हणून करायचे काम त्याला शिकवले जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

तोंडाला कोरड पडणे आणि छाती धडधडणे यामागे काय असते ते परिचारिका म्हणून तुम्हाला ठाऊक आहे. धोक्याची चाहूल लागली की मेंदूतील बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग शरीराला सावध करतो, ॲड्रिनलिन स्रवते, रक्त स्नायूंकडे वळते आणि लाळ कमी होते. ही यंत्रणा वाघासमोर आणि विभागप्रमुखांसमोर सारखीच चालते. तिच्यात बिघाड झालेला नाही. तुम्ही त्या तीन बैठका टाळल्या तेव्हा जे घडले, ते यापेक्षा जास्त लक्ष देण्यासारखे आहे. "आज मी येऊ शकत नाही" असा निरोप पाठवल्याबरोबर तुम्हाला हायसे वाटले असेल. तो सुटकेचा क्षण मनाला फार गोड लागतो आणि त्यातून मन असा अर्थ काढते की आपण गेलो नाही म्हणूनच वाचलो, म्हणजे तिथे खरोखरच काहीतरी भयंकर होते. प्रत्येक टाळलेल्या बैठकीने पुढची बैठक अधिक मोठी होते. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" ही आपली म्हण नेमके हेच सांगते. तो राक्षस उभ्या असलेल्या माणसाच्या मागे लागत नाही, पळणाऱ्याच्या मागे लागतो.

यावर उपाय काय, हे मानसशास्त्राला शंभर वर्षांपासून बरेचसे माहीत आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी, सशाला पाहून किंचाळणाऱ्या जेमतेम तीन वर्षांच्या एका मुलावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मूल आवडीचे खात असताना ससा पिंजऱ्यात, खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला जाई. मग तो थोडा जवळ, मग आणखी जवळ आणला जाई, आणि शेवटी ते मूल त्याला कुरवाळू लागले. आज भीतीवरचे जे उपचार सर्वांत परिणामकारक मानले जातात, त्यांचे मूळ या साध्या कल्पनेत आहे. त्यात पुढे एका समजुतीची भर पडली आणि ती मला फार मोलाची वाटते. भीतीला सामोरे गेल्याने जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी एक नवा अनुभव नोंदवला जातो. म्हणून बरी झालेली भीती एखाद्या वाईट दिवशी पुन्हा डोके वर काढते आणि माणसाला वाटते की सगळे फुकट गेले. तसे नसते. नवी नोंदही तिथेच असते, ती अधिक पक्की करायची असते.

याचे मुंबईतलेच एक उदाहरण सांगते. १८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेले तरुण गांधी इथल्या स्मॉल कॉजेस कोर्टात आपल्या पहिल्या दाव्यात उलटतपासणीसाठी उभे राहिले, आणि त्यांचे डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, घेतलेली तीस रुपयांची फी परत करून दुसरा वकील करायला सांगितले आणि कोर्टातून निघून गेले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियातील हिंदी व्यापाऱ्यांसमोर त्यांनी आपले पहिले जाहीर भाषण केले, तेव्हा व्यापारातील सचोटी या विषयाची ते चांगली तयारी करून गेले होते. म्हणजे इथे भीती संपली असे वाटेल. पण १८९६ मध्ये मुंबईतच, फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखालील मोठ्या सभेत लिहून आणलेले भाषण वाचताना त्यांचा आवाज कापू लागला, तो कोणाला ऐकू येईना, आणि शेवटी ते भाषण दिनशा वाच्छांनी वाचून दाखवले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर 'करेंगे या मरेंगे' म्हणणारा माणूस तोच. स्मॉल कॉजेस कोर्ट ते गवालिया टँक या वाटेत पन्नास वर्षे आहेत आणि मध्ये मागे पडलेली पावलेही आहेत. तुम्ही सात महिन्यांत निराश होऊ नका. दुसरे असे, की कोर्टात त्यांच्या मनात स्वतःपलीकडचे फारसे काही नव्हते, तर प्रिटोरियात समोरच्या माणसांना काही सांगायची निकड होती. भीती माणसाला स्वतःकडे पाहायला लावते : मी कशी दिसते, माझा आवाज कापतो का, माझे मराठी-इंग्रजी बरोबर आहे का. तुमच्या वॉर्डला रात्रपाळीला एक नर्स कमी पडत असेल, एखादा मॉनिटर महिनाभर दुरुस्तीला पडून असेल, तर ते सांगणारे त्या बैठकीत तुमच्याशिवाय कोणी नाही. बोलायला उठताना नजर त्या मॉनिटरवर ठेवा.

आता कामाचे बोलू. तुम्हाला रोज एक छोटा सराव उपलब्ध आहे, तो म्हणजे पाळी बदलतानाचा हँडओव्हर. तिथे तुम्ही आपल्या माणसांत असता. पुढचे दोन आठवडे हँडओव्हर तुम्ही स्वतः उभे राहून, कागदात न पाहता, दोन मिनिटांत सांगा. त्यानंतर मेट्रनबाईंना त्यांच्या खोलीत जाऊन वॉर्डची एक अडचण तोंडी सांगा. मग बैठकीला जा, पण पहिल्या वेळी संपूर्ण अहवाल देण्याचे ओझे घेऊ नका. सहकारी सिस्टरने अहवाल द्यावा, तुम्ही शेजारी बसावे आणि एक मुद्दा तुम्ही मांडावा. त्यापुढच्या महिन्यात अर्धा अहवाल तुमचा, मग पूर्ण. बैठकीच्या आदल्या रात्री वहीत एका ओळीत लिहून ठेवा की नेमके काय वाईट होईल असे वाटते : "मी अडखळेन आणि सगळे हसतील." परत आल्यावर त्याखाली प्रत्यक्षात काय झाले ते लिहा. बहुतेक वेळा "अडखळले, कोणी हसले नाही, सरांनी मॉनिटरचा नंबर विचारला" असे काहीसे लिहावे लागेल. ही वही महत्त्वाची आहे, कारण भीतीची स्मरणशक्ती एकतर्फी असते. आणि एक करू नका : पूर्ण भाषण पाठ करून जाऊ नका, खाली मान घालून वाचू नका, दारापाशी बसू नका. या कुबड्यांनी वेळ निभावते, पण मग मन श्रेय कुबड्यांना देते, तुम्हाला नाही.

ओरडणाऱ्या डॉक्टरांचा विषय मात्र मी या यादीत मुद्दामच घेत नाही. भीतीला सामोरे जा, त्यातून माणूस घडतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण कामाच्या ठिकाणी सर्वांदेखत होणारा अपमान हा तुमच्या व्यक्तिमत्त्वविकासाचा धडा नव्हे, ते त्या माणसाचे चुकीचे वर्तन आहे. ते पुन्हा घडले तर तिथल्या तिथे शांतपणे "सर, आपण हे राउंडनंतर बोलू" एवढे म्हणा आणि त्याच दिवशी तारीख-वेळ घालून मेट्रनबाईंना लेखी कळवा. इथे धैर्य लागेल ते सहन करण्याचे नाही, लिहून देण्याचे.

पत्रात तुम्ही ज्याविषयी प्रश्न विचारला नाही, त्या नव्या मुलीच्या वाक्याकडे आता येते. "तुम्ही आधीच टेन्शनमध्ये असता" हे तिने सहज सांगितले, पण माझ्या दृष्टीने तुमच्या सबंध पत्रातील सर्वांत गंभीर वाक्य तेच आहे. तुम्ही तुमची भीती लपवता आहात असे तुम्हाला वाटते, पण वॉर्डला ती दिसते, आणि वॉर्ड तिच्याशी जुळवून घेतो. इन्चार्जला त्रास होईल असे काही तिला सांगायचे नाही, हा अलिखित नियम तयार होतो. १९९०च्या दशकात हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चमूंमध्ये चुका कमी सापडतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले : ज्या चमूंचे नेतृत्व चांगले आणि संबंध मोकळे, तिथे नोंदवलेल्या चुका अधिक होत्या. त्याचा उलगडा असा दिसला, की तिथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे, त्या उघडपणे बोलल्या जात होत्या. इतरत्र त्या दडपल्या जात होत्या. ज्या वॉर्डात चुकांची नोंदच होत नाही, त्या वॉर्डाची मला काळजी वाटते.

म्हणून बैठकीच्या आधी, हे पत्र वाचल्यावर शक्यतो त्याच आठवड्यात, त्या मुलीला बोलवा. चहा मागवा. तुमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षात तुमच्याकडून झालेली एखादी चूक तिला सांगा. ती नक्कीच असेल. मग तिला सांगा की पुढच्या वेळी काही चुकले तर पहिल्या पाच मिनिटांत मला सांग, कारण त्या पाच मिनिटांत रुग्णासाठी काही करता येते. आणि ती वेळ खरोखर आली, तेव्हा तुमचा पहिला शब्द "कसे काय?" असा नसावा. आधी "बरे झाले सांगितलेस," मग रुग्ण, मग नोंद, आणि डोस कसा चुकला याची चौकशी सर्वांत शेवटी. चौकशी करायचीच आहे. मोकळेपणा म्हणजे चुकीकडे डोळेझाक नव्हे.

शेवटी एक सूचना. ही धडधड बैठकीपुरती न राहता झोप उडवत असेल, कामावर येणेच नकोसे करत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यास संकोच करू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. इतरांना वेळेवर डॉक्टरांकडे जायला सांगणाऱ्या तुम्ही स्वतःच्या बाबतीत उशीर करू नये.

प्रश्न : दादरला माझे कापडाचे दुकान आहे. नऊ माणसे कामाला आहेत. हल्ली सगळीकडे सांगतात की मालकाने नोकरांशी मित्रासारखे वागावे. माझ्या वडिलांचा दुकानात दरारा होता आणि काम चोख चालायचे. धाक नसेल तर माणसे काम कशी करतील?
— एक व्यापारी

उत्तर : मित्र होण्याची गरज नाही. वेळेवर येणे, गिऱ्हाइकाशी नीट बोलणे, हिशेब चोख ठेवणे याबाबत कडक असणे हा तुमचा अधिकार आहे आणि नोकरांनाही नियम स्पष्ट असलेलेच आवडतात. पण शिस्त वेगळी आणि धाक वेगळा. धाकाने हात चालतात, तेही तुम्ही गल्ल्यावर असेपर्यंत, आणि तोंडे बंद होतात. एखाद्या गठ्ठ्यातील साड्यांना डाग पडले आहेत, हे तुम्हाला पावसाळ्यात कळते की दिवाळीच्या गर्दीत गिऱ्हाइकाने घडी उलगडल्यावर? यावरून तुमच्या दुकानातील धाकाची किंमत मोजता येईल. वरच्या परिचारिकाताईंना जे लिहिले, ते तुम्हालाही लागू आहे.

आणखी एक विचारते, रागावू नका. धाक सोडला तर आपल्याला कोणी विचारणार नाही, असे तुम्हाला वाटते का? वडिलांच्या गादीवर बसलेल्या अनेकांना ही भीती असते आणि ती उघड बोलता येत नाही, म्हणून आवाज चढतो. तसे असेल तर महिनाभर एवढेच करून पाहा : रोज दुकान बंद करताना सर्वांत जुन्या माणसाला "आज काय बिघडले?" असे विचारा, आणि तो जे सांगेल त्यावर त्या रात्री काहीही बोलू नका.

प्रश्न : मी गोविंदा पथकाचा प्रशिक्षक आहे. गेल्या वर्षी आम्ही सात थर लावले. यंदा मुलांना आठ लावायचे आहेत, आयोजकांचाही आग्रह आहे. गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू आहे, पण खालच्या थरातील चार अनुभवी मुले नोकरीमुळे येत नाहीत आणि नवीन मुले अजून तयार नाहीत. मला आठाची भीती वाटते. पण प्रशिक्षकच घाबरला असे झाले तर पथकाचे मनोबल खचेल. ही भीती कशी घालवू?
— एक प्रशिक्षक, लालबाग

उत्तर : घालवू नका. तुमच्या मनात एक नव्हे, दोन भीती आहेत आणि त्या वेगळ्या करणे हेच या वेळचे तुमचे काम आहे.

पहिली भीती थर कोसळण्याची. तिच्यामागे पुरावा आहे : चार माणसे नाहीत, नवी मुले कच्ची आहेत, भार पेलणार कोण हे ठरलेले नाही. ही भीती तुमच्या इतक्या वर्षांच्या अनुभवाने तुम्हाला दिलेली माहिती आहे. ती दाबून टाकणाऱ्याला मी धीट म्हणणार नाही. दुसरी भीती "घाबरला" असे ऐकावे लागण्याची. तिच्यामागे पुरावा काही नाही, फक्त चारचौघांतील मान आहे. सामोरे जायचे आहे ते हिला. गंमत अशी, की बाहेरून पाहणाऱ्याला आठ थर लावणारा शूर आणि सातावर थांबणारा भित्रा वाटतो, पण तुमच्या बाबतीत आठ थर लावणे हे दुसऱ्या भीतीपुढे मान तुकवणे ठरेल. बैठकीला न जाणारी व्यक्ती आणि आठ थरांना नाही न म्हणणारी व्यक्ती यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोघेही लोकांच्या नजरेपासून पळत आहेत. फक्त तुमच्या पळण्याची किंमत वर चढलेले पोर मोजते.

नेता म्हणून तुम्ही भीती वाटत नसल्याचे नाटक करावे, अशी मुलांची अपेक्षा असेलही, पण त्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांना कारण सांगा. "खालच्या थरात चार जण नवे आहेत, त्यांना अजून खांद्यावर भार घेऊन पुरेसा वेळ उभे राहता येत नाही, ते जमेपर्यंत सात," असे मोजून सांगितलेले वाक्य मनोबल खचवत नाही. उलट, प्रशिक्षक आपल्याकडे नीट पाहतो आहे हे मुलांना कळते. त्या नव्या मुलांनाही विचारा, आणि एकेकट्याला विचारा, कारण घोळक्यात "तयार आहेस ना?" या प्रश्नाला लालबागमध्ये नाही असे उत्तर येत नाही. हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, विमा, चौदा वर्षांखालील मुलाला वर न चढवणे या गोष्टींवर चर्चा नको, त्या असल्याच पाहिजेत. आयोजकांना निरोप तुम्ही स्वतः द्या, पथकातील दुसऱ्या कोणाकरवी देऊ नका. ते नाराज होतील, कदाचित दुसऱ्या पथकाचे नाव मोठ्याने घेतील. तेवढे ऐकून घेण्याची तयारी ठेवून जा.

आणि हा निर्णय सरावाच्या एखाद्या संध्याकाळी, सगळे जमिनीवर असताना सांगा. दहीहंडीच्या दिवशी, सहा थर लागून वर एक्का चढत असताना, ढोलताशांत आणि लाऊडस्पीकरच्या आवाजात खालून दिलेली हाक वरपर्यंत पोहोचत नाही.